अकरा चुकांची माणसं

रेडिओवरच्या नाटकांत जे बोलले ते गाजले, ज्यांनी लिहिलं ते गाजले, आणि ज्या बाईने त्या नाटकांत एकतीस वर्षं पाऊस पाडला, घोडे पळवले, दारं आपटली, तिचं नाव एकदाही कोणी घेतलं नाही. केंद्रात तिला सगळे आवाजबाई म्हणायचे. हजेरीच्या वहीत वेगळं काहीतरी लिहिलेलं होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळून बघायची नाही.

काम ऐकायला मजेचं, करायला कंबरडं मोडणारं. माइकसमोर नट उभे, आणि त्यांच्या बाजूला ही गुडघ्यांवर. चाळणीत कोरडे वाटाणे फिरवले की पाऊस. सेलोफेनचा कागद मुठीत चुरगाळला की शेकोटी. नारळाच्या दोन करवंट्या म्हणजे घोडा, चामड्याचे हातमोजे फडफडवले की कबुतर, आणि कोणाचं हाड मोडायचं असेल तर मुळा. मुळे मोडून मोडून तिने एवढ्या लोकांची हाडं मोडली होती, की घरी पानात मुळा आला तर ती ताट सरकवायची.

आता अशा बाईला चाहते असतील असं कोणाला वाटेल? पण होते. मोजून अकरा. आणि ते कसे मिळाले हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण हे चाहते जरा उरफाटे होते.

नोकरीच्या दहाव्या वर्षी केंद्राच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. लिहिणाऱ्याचं कुलुपांचं दुकान होतं. 'मंगळवारच्या नाटकात चोराने जवाहिऱ्याची तिजोरी फोडली. आवाज टपालपेटीच्या कुलपाचा होता. जवाहिऱ्याने हिरे टपालपेटीच्या कुलपात ठेवले असतील, तर तो लुटला गेला हे बरंच झालं.' बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ते कार्ड पर्समध्ये घालून ती थेट त्या दुकानात गेली, त्या माणसाला चार शब्द सुनवायला. कुलूपवाल्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मग फळीवर सहा कुलपं मांडली आणि तिला डोळे मिटायला सांगितले. तासाभराने बाई बाहेर पडली ती मान खाली घालून. दहा वर्षं तिने सगळ्या जगाची दारं एकाच कुलपाने उघडली होती!

मग कुलूपवाल्यांनी शेजारच्या बूट दुरुस्त करणाऱ्यांना ऐकायला बसवलं. त्यांनी सांगितलं की नाटकातले न्यायाधीश आणि त्यांची मोलकरीण एकाच जोड्यात चालतात. इस्पितळातल्या सिस्टरनी कळवलं की रोग्याला नेणारी गाडी चहाची वाटते. शाळेतल्या मास्तरांनी तक्रार केली की नवा खडू कोणताही मास्तर आधी मोडून घेतो, नाहीतर तो फळ्यावर किंचाळतो, आणि तुमचे मास्तर आख्ख्या खडूने लिहितात. शिवणकाम करणारी एक जण म्हणाली, रेशमाला कात्री लावलीत की गोणपाटाला? तिला सगळे शिवणवाली म्हणायचे, आणि ती बोलायची कमी, पण बोलली की टाका घातल्यासारखं. असे होता होता अकरा झाले.

दर रविवारी दुपारी ते कुलूपवाल्यांच्या दुकानात जमायचे. शटर अर्धं खाली, दोरीवर एक चादर टांगलेली, चादरीमागे बाई आणि तिची पिशवी. ती आवाज करायची आणि हे ऐकायचे. आवाज खोटा वाटला की ज्याचा त्याने हात वर करायचा. टाळ्या वाजवायला बंदी होती, कारण आवाजाचं शेपूट टाळीत बुडतं आणि खरी चूक शेपटातच असते. आत यायचा नियम एकच होता. बाईची एक चूक पकडायची, तीही आपल्या धंद्यातली, आणि एका धंद्याचा एकच माणूस. कुलूपवाल्यांचे मेहुणे एकदा आले होते. त्यांनी तासभर नुसतं "अप्रतिम, अप्रतिम" केलं. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

म्हणजे अकरा चाहते म्हणजे बाईच्या अकरा चुका. याची तिला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. माणसाला किती चाहते असावेत असं कोणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, जेवढ्या चुका आपल्याला कबूल करता येतील तेवढे. पण विचारणार कोण?

बाई निवृत्त झाली तेव्हा केंद्राने तिची आवाजांची खोली रिकामी केली. आता तयार आवाज मशीनमधून मिळणार होते. चौकटीसकट एक दार, खडीचे तीन ट्रे, चाळीस जोडी बूट-चपला आणि गडगडाटाचा पत्रा टेम्पोतून घरी आला. घरात ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. धाकटीने ते दार बघितलं आणि विचारलं, ताई, हे दार कुठे उघडतं? भिंतीत, बाई म्हणाली. तेव्हापासून धाकटी त्या खोलीत जाताना आधी त्या दारावर टकटक करते आणि मग वळसा घालून आत जाते. तिची जीभ तिखट आहे, पण तिने एकही वस्तू कधी बाहेर काढली नाही.

निवृत्तीनंतरची सात वर्षं रविवार ते रविवार अशी बरी गेली. मग धाकटीची मुलगी राहायला आली. ही भाची कचेरीत काम करते, तिशी ओलांडलेली, हुशार आणि अंगात दम असलेली. तिने मावशीला वाटाण्यांचा पाऊस पाडताना बघितलं आणि मोबाइल काढला. दोन मिनिटांचा व्हिडिओ. आठवड्यात सहा हजार लोकांनी बघितला. मग घोडा, मग कबुतर, मग हाडं. चार महिन्यांत मागे लागलेल्यांचा, म्हणजे फॉलोअर्सचा, आकडा चाळीस हजारांवर गेला. बाईला हा आकडा डोळ्यांसमोर आणताच यायचा नाही. ती भाचीला म्हणायची, एवढे लोक कुठे बसलेत ग? भाची हसायची.

खोटं कशाला सांगू, बाईला ते आवडलं. एकतीस वर्षं गुडघ्यांवर काढलेली बाई ती! सकाळी चहाबरोबर भाची तिला वाचून दाखवायची, 'अंगावर काटा आला', 'आजी, तुम्ही जादूगार आहात', आणि बाई चहा गार होईपर्यंत ऐकत बसायची. मग लोक प्रत्यक्ष बघायला मागायला लागले. भाचीने वाचनालयाचा वरचा हॉल मिळवला, दोनशे खुर्च्यांचा. रविवार दुपारचाच, कारण बाईला तीच सवय होती. अकरा जण तिकडे आले. पुढच्या रांगा भरलेल्या होत्या, ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

तिसऱ्या रविवारी बाई चादरीशिवाय, सगळ्यांसमोर, किल्ल्यांचा जुडगा वाजवत होती. घरमालक येतोय, दाराशी थांबलाय, किल्ली शोधतोय. मागून कुलूपवाल्यांचा हात वर गेला. बाईने तो बघितला. दोनशे माणसं श्वास रोखून तिच्याकडे बघत होती, आणि तिला वाटलं, आत्ता नको. ती म्हणाली, "कुलूपवाले, नंतर." आणि जुडगा वाजवत राहिली. टाळ्या पडल्या. कुलूपवाल्यांनी हात खाली घेतला. पुढच्या रविवारी अकरांपैकी एकही जण आला नाही. बाईने ते बघितलं.

हे सगळं पुढे उलटलं ते एका चांगल्या बातमीने. रेडिओ केंद्रात एक नवी दिग्दर्शिका आली होती. तिने व्हिडिओ बघितले आणि ती स्वतः घरी आली. मुलांसाठी बारा भागांची गोष्ट करायची होती, आणि तिला मशीनमधले आवाज नको होते. पहिल्या भागात बोलणं कमी, आवाज जास्त. एक आजारी मुलगी खोलीत पडून आहे आणि घरातले आवाज ऐकून कोण काय करतंय ते ओळखते, अशी गोष्ट. ध्वनिमुद्रण महिन्याभराने. बाईने लगेच हो म्हटलं. सात वर्षांनी कोणीतरी तिला काम सांगितलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती यादी करायला बसली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. सहा महिन्यांत कोणी तिची एकही चूक दाखवली नव्हती. पहिलं पोस्टकार्ड आल्यापासून असे सहा महिने कधीच गेले नव्हते. पन्नाशीत, हात चांगले चालत असतानासुद्धा महिन्याला दोन हात वर व्हायचे. मग आत्ताच ती एवढी निर्दोष कशी झाली?

तिने एक लबाडी केली. भाचीला म्हणाली, काडी पेटवून कंदील लावल्याचा आवाज करते, नुसत्या चेहऱ्याचा घे व्हिडिओ. आणि हात मोबाइलमध्ये दिसणार नाहीत असे धरून, काडीपेटी न घेता तिने जुन्या चादरीचा तुकडा टरकावला. साधा, सरळ, कापड फाटल्याचा आवाज. नऊ हजार लोकांनी वाहवा केली. एकाने लिहिलं, काडीचा वास आला. बाईने ते वाचून घेतलं, मग पुन्हा एकदा वाचून घेतलं.

रविवारी ती कुणालाही न सांगता दुकानात गेली. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेली तर अकराच्या अकरा जण बसलेले, दोरीवर चादर टांगलेली, आणि चादरीमागून कोणीतरी काहीतरी खडखडवत होतं. बाहेर आल्या त्या सिस्टर. हातात चमचा आणि डबा. सगळे ओशाळले. बूटवाले म्हणाले की बाई नसल्या तरी रविवार यायचा राहतो का? गेले पाच महिने ते आळीपाळीने आवाज करत होते आणि एकमेकांविरुद्ध हात वर करून करून त्यांचे खांदे दुखायला लागले होते.

बाई हसली नाही. तिने उभ्या उभ्याच विचारलं की सहा महिन्यांत एकही हात का वर गेला नाही.

"मी केला होता," कुलूपवाले म्हणाले. "तुम्ही नंतर म्हणालात. मी थांबलोय."

"चुकलंच माझं. आता सांगा."

"त्या किल्ल्या नाहीत, बाई. ती बादली आहे."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. वर्षभरापासून तिचे बारीक आवाज मोठे व्हायला लागले होते. खडू कोळशासारखा, कात्री कुऱ्हाडीसारखी, घड्याळ टांग्यासारखं. सगळ्यांनी ऐकलं होतं. कारणही सगळ्यांना कळलं होतं, आणि तिथेच सगळ्यांची जीभ अडकली होती. दुकानातल्या आवाजाला हात वर करणं सोपं होतं, पण कानाला कसा करायचा? शेवटी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मास्तरांच्या नावाने निघाली, आणि मास्तर चार रविवार घसा बसल्याचं सोंग करत होते. हॉलमध्ये त्या दिवशी कुलूपवाल्यांना राहवलं नाही, एवढंच.

बाईने फळीवरचा जुडगा उचलला आणि वाजवला. तिला ऐकू आला, चांगला खणखणीत. कुलूपवाले उठून जवळ आले. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिचा हात हळूहळू आवरत नेला, कमी, आणखी कमी, अगदी बोटांपुरता. किल्ल्या हलताना दिसत होत्या. बाईला काहीच ऐकू येत नव्हतं.

"आता बरोबर आहे," कुलूपवाले म्हणाले.

ती खाली बसली. ज्याची तिला जन्मभर भीती वाटली होती ते अशा प्रकारे, रविवारी दुपारी, अकरा जणांसमोर झालं. शिवणवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याबद्दल बाईने मनातल्या मनात तिचे उपकार मानले.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे सरळ, उजवीकडे घसरगुंडी. बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. बोलणं ऐकायला यंत्र मिळेल. बाईने यंत्र लावून बघितलं. धाकटीचं बोलणं नको तेवढं स्पष्ट ऐकू आलं, पण किल्ल्या पत्र्यासारख्या आणि काडी तळणीसारखी वाजली. कामाला ते उपयोगाचं नव्हतं. घरी येऊन तिने दिग्दर्शिकेला पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींचं, क्षमा मागणारं.

धाकटीने ते खांद्यावरून वाचलं. एरवी ती तिखट बोलते, त्या दिवशी जास्तच तिखट बोलली. म्हणाली, "तुझे दोन कान गेले. त्या दुकानात बावीस बसलेत. ते काय शोभेचे आहेत का?"

बाई म्हणाली, असं कधी कुठे झालंय? धाकटी म्हणाली, भिंतीत उघडणारं दार तरी कुठल्या घरात असतं? आणि पत्र उचलून डब्याखाली ठेवून दिलं.

ध्वनिमुद्रणाला तीन आठवडे उरले होते. ते रोज संध्याकाळी दुकानात जमले. दुसरं काही नाही, एक नवी भाषा बसवायची होती. हात वर म्हणजे चूक, हे जुनंच. तळहात खाली दाबला म्हणजे जास्त होतंय. बोटं हलवली म्हणजे घाई होतेय. प्रत्येकाने आपल्याच आवाजापुरतं बोलायचं, दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायचं नाही. यावरून बूटवाले आणि मास्तर यांच्यात जुंपली, कारण वर्गात चालणारे मास्तर हे बूट की मास्तर, हे ठरेना. दोन दिवस अबोला. मग सिस्टरनी दोघांना एकाच बाकावर बसवून प्रश्न मिटवला.

मधल्या काळात बाईने आणखी एक गोष्ट केली. भाचीला समोर बसवलं आणि चाळीस हजारांना सरळ सांगून टाकलं. काडी काडी नव्हती, चादर होती. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुम्ही मला सांगायला हवं होतं, पण ते मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही, तेव्हा दोष माझा. भाचीचा जीव टांगणीला लागला होता, आणि तिची भीती खरीही ठरली. काही हजार निघून गेले. काहींनी वाईट लिहिलं. आणि दोन दिवसांनी कुठल्याशा दूरच्या गावातून घोडे सांभाळणाऱ्या एका बाईने लिहिलं की तुमचा दुसऱ्या व्हिडिओमधला घोडा तीन पायांवर धावतोय. बाईने करवंट्या काढल्या, पुन्हा पुन्हा वाजवल्या, आणि खरंच, चौथा पाय पडतच नव्हता! ती संध्याकाळभर त्या आनंदात होती. धाकटीला चार वेळा तीन पायांचा घोडा करून दाखवला.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी अकरा जण केंद्रावर आले, धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखे. दिग्दर्शिका गडबडली. म्हणाली की बाईंनी मदतनीस आणणार असं सांगितलं होतं, ही तर वरात आहे. काचेच्या खोलीत बारा माणसं बसली तर कोणाचा तरी श्वास, कोणाचं तरी पोट, काहीतरी वाजणारच. तीन ठेवा, बाकीचे बाहेर. बाईने यादी पुढे केली. पहिल्या भागात बूट होते, खडू होता, कुलूप होतं, औषधाची बाटली होती, टाचणी होती, आणि बाकीच्या सहांचंही काही ना काही होतं. कोणाला बाहेर काढू ते तुम्हीच सांगा, ती म्हणाली. मग तिने एक सुचवलं. पाच मिनिटं नुसतंच मुद्रण करून बघा.

लाल दिवा लागला. अकरा जण बसले, इतकी वर्षं रविवारी बसत होते तसे. पाच मिनिटांनी बाहेरच्या तंत्रज्ञाने आत डोकावून विचारलं की माइक चालू आहे ना, काटा हलतच नाहीये. दिग्दर्शिकेने हात जोडले आणि दार लावून घेतलं.

दिवस लांबला. बूट तिसऱ्या खेपेला जमले, खडू पहिल्याच. कुलूपवाल्यांनी आपला तळहात इतका खाली दाबला की तो गुडघ्याला लागला, मग थांबला. बाईला मध्येच दोनदा वाटलं की आपण मुक्या बाहुलीसारखे हातवारे करतोय, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या कामात. पण हात पुढे चालत होते, आणि हातांना एकतीस वर्षं आठवत होती.

शेवटचा आवाज टाचणीचा होता. मुलीला बरं वाटत नाही म्हणून घर गप्प आहे. शेजारच्या खोलीत आजी शिवतेय, तिच्या हातून टाचणी पडते, आणि मुलीला कळतं की आजी जागी आहे. सगळ्या भागात याहून बारीक आवाज नव्हता. बाईने लाकडी फळीवर टाचणी सोडली. शिवणवालीचा हात वर. उंची वाढवली, हात वर. फळी बदलली, हात वर. काचेच्या डोक्याची टाचणी घेतली, हात वर, आणि मान नकारार्थी हलली. पाचव्या आणि सहाव्या खेपेलाही तेच. बाईला यातलं एकही पडणं ऐकू आलं नाही. टाचणी बोटांतून सुटायची, आणि पुढे काय झालं ते ती समोरच्या चेहऱ्यावर वाचायची. आज हे जमलं नाही तर पुढे कधीच काही जमणार नाही, हे तिला स्पष्ट कळत होतं, आणि समोरच्या अकरांनाही.

तिने गुडघे टेकले, जुनी, घासून गुळगुळीत झालेली फळी ओढली, मनगट सैल सोडलं आणि टाचणी बोटांत धरून न टाकता, नकळत सुटावी तशी सुटू दिली.

हात वर गेला नाही. बाईने शिवणवालीकडे बघितलं. शिवणवाली तिच्याकडे बघतच नव्हती. तिची मान खाली गेली होती. तिने आपले दोन्ही पाय आवाज न करता उचलून धरले होते, आणि आपलीच पडली समजून स्वतःच्या खुर्चीखाली टाचणी शोधत होती.

बाईने फळी बाजूला ठेवली आणि काचेपलीकडे बघून मान हलवली, हाच आवाज घ्या म्हणून.